कळ दाबताच : एकक पायरी फलनाची कथा



व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर काही स्नेह्यांनी मला विचारले, की ज्याची हयात मराठीचे व्याकरण आणि जुने ग्रंथ शिकविण्यात गेली, त्याने अभियांत्रिकी गणितातल्या एका फलनावर बोलण्याचे कारण काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रथमच दिलेले बरे. या शाळेतून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी पुढे अभियंते झाले. त्यांनी महाविद्यालयात ‘युनिट स्टेप फंक्शन’ नावाचा एक पाठ गिरविला आहे, त्याची कोष्टके पाठ केली आहेत आणि परीक्षेनंतर ती बहुधा विसरलीही आहेत. त्या पाठामागे एका माणसाचे आयुष्य आहे. दोन विद्यांमधला जवळजवळ साठ वर्षांचा वाद आहे. आणि ज्ञान कोणाकडून व कोणत्या वाटेने आले म्हणजे ते मान्य करावे, हा शाळेशी अगदी निगडित असा प्रश्नही आहे. ही कथा पाठ्यपुस्तकात सहसा नसते. ती सांगणे हे इतिहासाचे काम आहे आणि ते मराठीच्या शिक्षकाने केले तर फारसे बिघडू नये.

शिवाय हे फलन मराठी व्याकरणाला अगदीच परके आहे असे मला वाटत नाही. ‘कळ दाबताच दिवा लागला’ हे साधे वाक्य घ्या. ‘दाबताच’ या धातुसाधित अव्ययाने काळाचे दोन तुकडे केले आहेत. त्या क्षणापूर्वी दिवा नाही. त्या क्षणापासून दिवा आहे. मधली अवस्था नाही. ‘कळ दाबल्यावर’ म्हटले तर थोडा अवकाश राहतो. ‘दाबताच’ म्हटले की तो अवकाश संपतो. गणिती हेच चिन्हांनी लिहितो. एक राशी अशी कल्पा, की नेमलेल्या क्षणापूर्वी तिची किंमत शून्य आहे आणि त्या क्षणानंतर सदैव एक आहे. तिचा आलेख काढला, तर सपाट रेषा एकाएकी वर चढून पुन्हा सपाट होते. जिन्याची एकच पायरी दिसते. हेच एकक पायरी फलन.

त्याचा उपयोग कसा होतो तेही आपल्या भाषेवरून समजते. ‘शाळा अकरापासून पाचपर्यंत भरते’ असे आपण म्हणतो. यातली ‘पासून’ ही एक पायरी आहे आणि ‘पर्यंत’ ही दुसरी. अकराला सुरू होणाऱ्या पायरीतून पाचला सुरू होणारी पायरी वजा केली, की मधले सहा तास तेवढे उरतात. आधी शून्य, नंतरही शून्य. कोणत्याही राशीला पायरीने गुणले, की नेमल्या क्षणापूर्वीचा तिचा भाग पुसला जातो आणि पुढचा जसाच्या तसा राहतो. म्हणजे ‘केव्हा’ हा शब्द समीकरणाच्या आतच लिहिता येतो.

एक अडचण मात्र राहते. नेमक्या त्या क्षणी किंमत काय धरावी? शून्य, एक, की अर्धा? नरसिंहाने हिरण्यकशिपूचा वध उंबरठ्यावर केला. उंबरठा घरातही नाही आणि घराबाहेरही नाही. पायरी फलनाचा तो क्षण असाच उंबरठ्यावरचा आहे. फ्रेंच गणिती जोसेफ फूरिए याने १८२२ च्या आपल्या उष्णताविषयक ग्रंथात ज्या श्रेढी मांडल्या, त्यांनुसार साइन लहरींची बेरीज करून अशी उडी रचली, तर उडीच्या जागी बेरीज बरोबर अर्धी येते. उडीच्या अगदी शेजारी मात्र उडीच्या सुमारे नऊ टक्के इतका एक उंचवटा शिल्लक राहतो. लहरींची संख्या वाढविली तरी तो उडीच्या जवळ सरकतो, पण लहान होत नाही. हे प्रथम हेन्री विल्ब्रहॅमने १८४८ मध्ये दाखविले आणि लोकांच्या लक्षात ते आले विलर्ड गिब्जने १८९९ मध्ये पुन्हा सांगितले तेव्हा. गुळगुळीत लहरींना उडी सहजासहजी पचत नाही, एवढा बोध येथे पुरे. अभियंते बहुधा त्या एका क्षणाची चिंता करीत नाहीत, कारण एका क्षणाच्या किमतीने बेरजेत, म्हणजे संकलनात, काही फरक पडत नाही.

२

आता प्रश्न असा, की या पायरीची एवढी गरज कोणाला पडली? न्यूटनपासूनच्या गणिताचे लक्ष अखंड गतीवर होते. ग्रह फिरतात, लंबक झुलतो. तेथे कोणी कळ दाबीत नाही. कळ आली ती तारायंत्राबरोबर. तार पाठविणारा किल्ली दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो. त्याच्या टोकाला वीज एकदम सुरू होते आणि एकदम थांबते. म्हणजे तारेचा प्रत्येक संदेश हा पायऱ्यांचा बनलेला असतो. पलीकडच्या टोकाला काय पोहोचते, हा मग व्यवहारातला आणि लाखो पौंडांचा प्रश्न झाला.

जमिनीवरील तारांना ही अडचण फारशी जाणवली नाही. समुद्राखालच्या केबलला मात्र ती प्रकर्षाने जाणवली. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५५ मध्ये दाखविले, की लांब केबलमध्ये वीज एखाद्या सळईतून उष्णता पसरावी तशी पसरते. या टोकाला दिलेली खणखणीत पायरी पलीकडे हळूहळू चढणाऱ्या उतारासारखी पोहोचते आणि केबलची लांबी दुप्पट केली तर विलंब चौपट होतो. ऑगस्ट १८५८ मध्ये अटलांटिकखालून पहिली केबल पोहोचली, तेव्हा व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश जाण्यास सुमारे सोळा तास लागले. काही आठवड्यांतच ती केबल निकामी झाली. टिकाऊ केबल पडली १८६६ मध्ये, ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजावरून. त्याच जहाजाने १८७० मध्ये मुंबई ते एडन ही केबल टाकली आणि मुंबई समुद्रमार्गे लंडनला जोडली गेली. मुंबईच्या पेढ्यांना लंडनच्या बाजारातले भाव त्यानंतर लवकर कळू लागले. म्हणजे ज्या प्रश्नाची ही कथा आहे, त्याचे एक टोक आपल्या किनाऱ्यालाही लागलेले होते.

३

या प्रश्नात ज्याने आपले आयुष्य घातले तो ऑलिव्हर हेव्हिसाइड १८ मे १८५० रोजी लंडनच्या कॅम्डन टाउन भागात जन्मला. वडील लाकडावर कोरीव ठसे करणारे कारागीर. घरची स्थिती ओढगस्तीची. लहानपणी स्कार्लेट फीव्हर होऊन त्याला ऐकू कमी येऊ लागले आणि बरोबरीच्या मुलांपासून तो दूर पडला. १८६५ मध्ये त्याने ‘कॉलेज ऑफ प्रिसेप्टर्स’ची परीक्षा दिली. ५३८ परीक्षार्थींत तो पाचवा आला आणि निसर्गविज्ञानात पहिला. युक्लिडच्या भूमितीत मात्र त्याला शंभरापैकी पंधराच गुण मिळाले. हा आकडा आपण लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे. सोळाव्या वर्षी त्याचे शालेय शिक्षण संपले. विद्यापीठाची पायरी तो विद्यार्थी म्हणून कधीच चढला नाही.

तारायंत्राचे एक प्रवर्तक चार्ल्स व्हीटस्टन हे नात्याने त्याचे मावसे होते. त्यांच्या ओळखीमुळे तो तारखात्याच्या व्यवसायात शिरला. १८६८ पासून त्याने डेन्मार्कला जोडणाऱ्या केबलवर तारवाला म्हणून नोकरी केली, प्रथम डेन्मार्कमध्ये आणि नंतर न्यूकॅसलला. १८७४ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याने ती सोडली आणि त्यानंतर पन्नास वर्षे कोठेही नोकरी केली नाही. आईवडिलांच्या घरी एका खोलीत बसून तो १८७३ साली प्रसिद्ध झालेला मॅक्सवेलचा विद्युत्‌-चुंबकत्वावरील ग्रंथ वाचू लागला. त्यासाठी लागणारे गणितही तो स्वतःच शिकला. आज अभियांत्रिकीच्या प्रत्येक पुस्तकात ‘मॅक्सवेलची चार समीकरणे’ म्हणून जी छापतात, ती या सुटसुटीत सदिश रूपात मांडण्याचे श्रेय प्रामुख्याने हेव्हिसाइडचे आहे. त्याने हे काम १८८४-८५ च्या सुमारास केले.

भाषेचा अभ्यासक म्हणून मला त्याच्या आणखी एका कामाचे कौतुक वाटते. विजेच्या शास्त्राला शब्द अपुरे पडत होते, ते त्याने घडविले. इंडक्टन्स, इंपीडन्स, कंडक्टन्स, अ‍ॅडमिटन्स हे शब्द त्याचे. ज्याला वस्तू स्पष्ट दिसते त्यालाच तिला नाव देता येते, हे परिभाषेचे काम करणाऱ्या कोणालाही पटेल.

१८७६ मध्ये त्याने टॉमसनच्या केबल-सिद्धांतात तारेचे इंडक्टन्स, म्हणजे बदलाला विरोध करण्याचा विजेचा गुण, मिळविले. १८८७ मध्ये त्याने दाखविले, की तारेचे चार गुणधर्म एका ठरावीक प्रमाणात आणले, तर संदेश दुबळा होईल, पण विकृत होणार नाही; पायरी दिली तर पलीकडे पायरीच निघेल. त्यासाठी तारेत इंडक्टन्स कमी न करता मुद्दाम वाढवावयास हवे. इंग्लंडच्या डाकखात्यातील वरिष्ठ अभियंता विल्यम प्रीस याचे मत याच्या नेमके उलट होते. हेव्हिसाइड आणि त्याचा भाऊ आर्थर यांच्या लेखाचे प्रकाशन त्याने अडविले. त्याच वर्षी ‘इलेक्ट्रिशियन’ साप्ताहिकाचे संपादक बदलले आणि तेथील हेव्हिसाइडची लेखमालाही थांबली. पुढे अमेरिकेत जॉर्ज कॅम्बेल आणि मायकेल प्यूपिन यांनी तारेत अंतराअंतरावर गुंडाळ्या बसवून हीच कल्पना व्यवहारात आणली. १९०० मध्ये एकस्व मिळाले ते प्यूपिनला. लांब पल्ल्याचे दूरध्वनी त्या गुंडाळ्यांमुळे शक्य झाले आणि हेव्हिसाइडला त्यातून काही मिळाले नाही.

४

आता त्याच्या गणिताकडे वळतो. बदलाचा वेग काढण्याच्या क्रियेला गणितात विकलन म्हणतात आणि उलट्या क्रियेला संकलन. हेव्हिसाइडने विकलनाला एक अक्षर दिले. आपण त्याला ‘प’ म्हणू. मग त्याने ‘प’ ही जणू साधी संख्या आहे असे धरून तिच्याशी बेरीज, गुणाकार, भागाकार सुरू केला. विकलनाशी अशी बीजगणिती वर्तणूक त्याच्या आधीही काहींनी केली होती. पण त्याने तिला एका नेमक्या वस्तूवर काम करावयास लावले. ती वस्तू म्हणजे पायरी. तो ती ठळक एकाच्या आकड्याने लिही.

एक उदाहरण देतो. दहा व्होल्टची बॅटरी, पाच ओहमचा रोध आणि पाच हेन्रीची गुंडाळी एका मंडलात आहेत. कळ दाबताच प्रवाह कसा वाढेल? जुन्या रीतीने यासाठी विकलनाचे समीकरण सोडवावे लागे आणि आरंभीची अट वेगळी बसवावी लागे. हेव्हिसाइडच्या रीतीने उत्तर एका ओळीत लिहिता येते : दहा भागिले ‘पाच अधिक पाच प’, आणि हे सारे पायरीवर लावावयाचे. म्हणजे दोन भागिले ‘एक अधिक प’. आता शाळेत शिकविलेल्या रीतीने हा भागाकार १/प, १/प चा वर्ग, १/प चा घन अशा पदांत करावयाचा. पदांची चिन्हे आळीपाळीने अधिक आणि वजा येतात. पण १/प म्हणजे संकलन. पायरीचे एकदा संकलन केले की काल मिळतो, दोनदा केले की कालाच्या वर्गाचा निम्मा, तीनदा केले की कालाच्या घनाचा सहावा हिस्सा. एक सेकंदानंतरचा प्रवाह मग असा येतो : दोनाला ‘एक वजा एक-द्वितीयांश अधिक एक-षष्ठांश वजा एक-चोविसांश’ अशा पुढे जाणाऱ्या श्रेढीने गुणावे. पदे मिळवीत गेले की उत्तर १.२६ अँपिअर. दोन सेकंदांनी १.७३, तीन सेकंदांनी १.९०, पाच सेकंदांनी १.९९, आणि अखेरीस प्रवाह दोन अँपिअरवर स्थिरावतो. प्रत्यक्ष मंडलात मोजले तरी असेच आढळते.

येथपर्यंत कोणाचीच तक्रार नव्हती. पण लांब केबलच्या प्रश्नात ‘प’चे वर्गमूळ येऊ लागले. विकलन एकदा करता येते, दोनदा करता येते. अर्धे विकलन म्हणजे काय? गणिती येथे थांबला असता. हेव्हिसाइड थांबला नाही. ज्यांची उत्तरे अन्य मार्गाने ठाऊक होती अशा प्रश्नांशी ताडून त्याने ठरविले, की पायरीवर ‘प’चे वर्गमूळ लावले तर ‘एक भागिले पाय आणि काल यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ’ मिळते. येथे पाय म्हणजे वर्तुळाचा परिघ आणि व्यास यांचे गुणोत्तर. केबलमध्ये प्रथम शिरणारा प्रवाह खरोखर असाच ओसरतो. तप्त पृथ्वीचा पृष्ठभाग एकाएकी थंड झाला असे मानून तिचे वय काढण्याचा जो वाद केल्विन आणि जॉन पेरी यांच्यात १८९५ मध्ये झाला, त्यातही हेच गणित होते, कारण तेथेही एक पायरीच होती, तापमानाची. हेव्हिसाइडने तो प्रश्नही आपल्या रीतीने सोडविला.

५

१८९१ मध्ये हेव्हिसाइड रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. सदस्याचा लेख परीक्षकाकडे न पाठविता ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये छापण्याची तेथे प्रथा होती. त्यानुसार ‘भौतिकी गणितातील क्रियाकारक’ या विषयावरचे त्याचे दोन लेख १८९३ मध्ये छापले गेले. त्यांत सिद्धता कमी आणि उत्तरे फार, अशी गणितज्ञांत कुजबूज झाली. तिसरा लेख १८९४ मध्ये आला तेव्हा तो परीक्षकाकडे, विल्यम बर्नसाइड या मोठ्या गणितज्ञाकडे, पाठविण्यात आला आणि परत आला. प्रथेचा अपवाद नेमका याच लेखासाठी झाला.

या प्रसंगी एका बाजूला प्रतिभा आणि दुसऱ्या बाजूला कद्रूपणा, असा सरळ निवाडा करण्याचा मोह होतो. तो आवरावा असे मला वाटते. बर्नसाइडचे आक्षेप पोकळ नव्हते. हेव्हिसाइड ज्या अपसारी श्रेढी, म्हणजे बेरीज कोठेच न थांबणाऱ्या श्रेढी, बेधडक वापरीत होता, त्या केव्हा खऱ्या ठरतात आणि केव्हा फसवितात याचा नियम त्याने दिला नव्हता. त्याच्या हातात ते शस्त्र चुकत नसे, कारण प्रत्येक उत्तर प्रत्यक्ष तारेत कसे दिसेल हे त्याला ठाऊक असे. ती तार ज्याने पाहिली नाही त्याच्या हातात ते चुकण्याचा संभव होता. विद्या एका माणसाच्या अंतर्ज्ञानावर चालत नाही. ती दुसऱ्याच्या हाती सोपविता आली पाहिजे. सिद्धता हे त्या सोपविण्याचे साधन आहे.

तरीही दोष राहतोच. लेखात काय अपुरे आहे हे सांगणे एक, आणि लेखच दारातून परतविणे दुसरे. हेव्हिसाइडची भूमिका अशी होती, की गणित हेही प्रयोगाने वाढणारे शास्त्र आहे. आधी रीत सापडते, मग तिचे कारण. युक्लिडची मांडणी शिकविणाऱ्या शाळेत त्याला पंधरा गुण मिळाले, ते या दृष्टीने पाहावेत. युक्लिड सांगतो त्या क्रमाने ज्ञान मांडले जाते. त्या क्रमाने ते सापडत मात्र नाही. त्या दोन क्रमांतला फरक ओळखणारा मुलगा तेथे नापास झाला आणि तीस वर्षांनी तोच प्रसंग अधिक प्रतिष्ठित सभागृहात पुन्हा घडला.

त्याच सुमारास, १८९० मध्ये, आपल्या बडोद्यात महाराजा सयाजीरावांनी कलाभवन स्थापन केले आणि त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्राचार्य झाले. हेव्हिसाइडशी त्या संस्थेचा संबंध होता असे मला सुचवावयाचे नाही. परंतु हाताने काम करणाऱ्याला शास्त्र शिकविले पाहिजे, हाच विचार तिच्या मुळाशी होता. १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा कलाभवनातूनच तंत्रविज्ञान व अभियांत्रिकीची विद्याशाखा उभी राहिली. पायरी फलनाचा पाठ तेथे ज्यांनी गिरविला असे श्रोते या सभागृहातही असतील.

६

हेव्हिसाइड एकान्तात राहिला. १८८९ पासून डेव्हनमधील पेन्टन, मग न्यूटन ॲबट, अखेर टॉर्की. १८९६ मध्ये मित्रांच्या खटपटीने त्याला वर्षाला १२० पौंडांचे सरकारी निवृत्तिवेतन मिळू लागले. ‘विद्युत्‌-चुंबकीय सिद्धांत’ हा त्याचा ग्रंथ १८९३, १८९९ आणि १९१२ अशा तीन खंडांत निघाला. १९०२ मध्ये त्याने आणि अमेरिकेत आर्थर केनेलीने स्वतंत्रपणे सुचविले, की आकाशात उंचावर विद्युत्‌वाहक थर असावा आणि बिनतारी लहरी त्यामुळे पृथ्वीच्या वळणाभोवती जात असाव्यात. १९०५ मध्ये गटिंगेन विद्यापीठाने त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली आणि १९२२ मध्ये विद्युत्‌ अभियंत्यांच्या ब्रिटिश संस्थेचे पहिले फॅरडे पदक त्याला मिळाले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी तो वारला. जेमतेम दोन महिन्यांपूर्वी, डिसेंबर १९२४ मध्ये, एडवर्ड ॲपलटनच्या प्रयोगांनी आकाशातल्या त्या थराचा पुरावा दिला होता.

त्याच्या रीतीला कारण देण्याचे काम दरम्यान सुरू झाले होते. १९१६ मध्ये इंग्लंडात टॉमस ब्रॉमविच आणि जर्मनीत कार्ल व्हिली वाग्नर यांनी दाखविले, की हेव्हिसाइडचे नियम संमिश्र संख्यांच्या प्रतलावरील संकलनाने सिद्ध करता येतात. अमेरिकेत जॉन कार्सनने १९२६ च्या आपल्या पुस्तकात हीच रीत लाप्लासच्या संकलनाशी जोडली. १९३७ मध्ये गुस्टाव्ह डोएचचा लाप्लास रूपांतरावरील ग्रंथ आला आणि नंतर महाविद्यालयांतून हेव्हिसाइडचा ‘प’ हळूहळू मागे पडून लाप्लासचे रूपांतर शिकविले जाऊ लागले. आज विद्यार्थी ‘पायरीचे लाप्लास रूपांतर एक भागिले एस’ असे पाठ करतो, तो याच परिवर्तनाचा अवशेष आहे.

एक प्रश्न मात्र उरला होता. पायरीचे स्वतःचे विकलन काय? उडीपूर्वी बदलाचा वेग शून्य, उडीनंतरही शून्य, आणि उडीच्या क्षणी अनंत. हेव्हिसाइडने ‘प’ पायरीवर लावून हा आघात बिनदिक्कत वापरला होता. पॉल डिरॅकने १९२७ च्या निबंधात आणि १९३० च्या ग्रंथात हेच फलन क्वांटम यामिकीत आणले. डिरॅकची पहिली पदवी ब्रिस्टलची, विद्युत्‌ अभियांत्रिकीची होती, ही गोष्ट येथे मुद्दाम नमूद करतो. सामान्य व्याख्येप्रमाणे हे फलनच नव्हे, असे गणितज्ञ म्हणत राहिले. अखेर फ्रेंच गणिती लोरां श्वार्त्झ याने १९४५ च्या सुमारास फलनाची कल्पनाच विस्तारली आणि त्या विस्तारात पायरीचे विकलन निर्दोषपणे बसले. १९५० मध्ये त्याला फील्ड्स पदक मिळाले. पोलंडमधील यान मिकुसिन्स्कीने १९५३ च्या ग्रंथात दुसरीच वाट दाखविली. लाप्लासच्या आधाराशिवाय, केवळ बीजगणिताने, हेव्हिसाइडची रीत जवळजवळ मूळ रूपातच सिद्ध होते. परत पाठविलेल्या त्या लेखापासून येथवर साठ वर्षे गेली.

आणि एक भारतीय नोंद. हेव्हिसाइडच्या गणितकार्याचे अतिशय मर्मग्राही मूल्यमापन एडमंड व्हिटेकर या थोर गणितज्ञाने केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांतील तीन सर्वांत महत्त्वाच्या गणिती प्रगतींत, प्वाँकारे आणि रिची यांच्या कार्यांबरोबर, त्याने हेव्हिसाइडच्या या रीतीची गणना केली. तो लेख प्रसिद्ध झाला कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीच्या पत्रिकेत, १९२८-२९ च्या खंडात.

७

आज या फलनाचे काय चालले आहे? बांधकामाच्या शास्त्रात ते कालाऐवजी लांबीवर चालते. सहा मीटरच्या तुळईवर दुसऱ्या मीटरपासून पाचव्या मीटरपर्यंत भार असेल, तर दोनची पायरी वजा पाचची पायरी, असे लिहिले की सबंध तुळईचे वाकणे एका सूत्रात येते. डब्ल्यू. एच. मॅकॉलीने १९१९ मध्ये सुचविलेले कंस म्हणजे हीच युक्ती. यंत्रनियंत्रणात तर पायरी हीच मुख्य चाचणी आहे. भट्टीचे तापमान नियंत्रकाला एकदम वाढविण्यास सांगावयाचे आणि ती किती लवकर चढते, किती ओलांडते, केव्हा स्थिरावते हे पाहावयाचे. झीग्लर आणि निकल्स यांनी १९४२ मध्ये नियंत्रक जुळविण्याचे जे नियम दिले, त्यांतील एक पद्धत अशा पायरीच्या प्रतिसादावरच उभी आहे. मज्जापेशीचे पहिले गणिती चित्र मॅककुलक आणि पिट्स यांनी १९४३ मध्ये काढले, त्यातही पायरीच होती : येणारे संकेत उंबरठ्याखाली असले तर शून्य, वर गेले तर एक. पुढे शिकणारी यंत्रे करताना अडचण आली, की पायरीचा उतार सर्वत्र शून्य. मग चूक कोणत्या दिशेने सुधारावी हे यंत्राला कळणार कसे? म्हणून तिच्या जागी हळूहळू चढणारी गुळगुळीत वक्ररेषा घेण्यात आली. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वंशावळीत म्हणूनच एक पायरी आहे.

८

या इतिहासातून शाळेने काय घ्यावे? सिद्धतेची आवश्यकता नाही असा अर्थ कोणी काढला, तर तो उलटा होईल. ब्रॉमविच, श्वार्त्झ, मिकुसिन्स्की झाले नसते, तर हेव्हिसाइडची रीत त्याच्याबरोबरच नाहीशी झाली असती किंवा काही तज्ज्ञांची गुप्तविद्या होऊन राहिली असती. आज ती वीस वर्षांच्या कोणत्याही विद्यार्थ्याला शिकविता येते, ते त्यांच्यामुळे. पण त्यांनी जे सिद्ध केले ते आधी कोणाला तरी दिसावे लागले होते, आणि ज्याला दिसले त्याच्याजवळ पदवी नव्हती, पद नव्हते आणि भूमितीत पंधरा गुण होते.

आपल्या वर्गांतही अशी मुले असतात. त्यांचे उत्तर बरोबर असते, पण ‘पायऱ्या दाखविल्या नाहीत’ म्हणून आपण गुण कापतो. पायऱ्या मागणे योग्यच आहे. त्या मागितल्याच पाहिजेत. मात्र त्या मागताना, ‘हे उत्तर तुला कसे दिसले?’ हा प्रश्नही शिक्षकाने विचारला पाहिजे आणि त्याचे उत्तर अडखळत आले तरी शेवटपर्यंत ऐकून घेतले पाहिजे. रॉयल सोसायटीने त्या लेखाच्या बाबतीत नेमके हेच केले नाही. शाळेला मात्र ते रोज करता येते आणि त्याला फारसा खर्चही येत नाही.

ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाला शोभेल असा विचार मांडण्याचा मी यथाशक्ति यत्न केला.